पोच आणि जाब

बाजारात उभ्या राहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत दोन नावे आहेत : गिऱ्हाईक आणि ग्राहक. दोहोंचे मूळ एकच. परंतु व्यवहारात त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. ‘त्याला गिऱ्हाईक केले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या बिचाऱ्याची फजिती झाली एवढाच अर्थ असतो. ‘ग्राहक’ हा शब्द मात्र गेल्या पन्नास वर्षांत हक्क मागण्यासाठी उभा राहिला आहे. गिऱ्हाइकाचा ग्राहक कसा झाला, आणि कोणाचा तो अद्याप झालेला नाही, हे आम्हांला येथे पाहावयाचे आहे. आणि ते धान्य-कापडाच्या दुकानात न पाहता निरोप वाहणाऱ्या साधनांच्या, म्हणजे टपाल, तार, टेलिफोन आणि इंटरनेट यांच्या इतिहासात पाहावयाचे आहे.

हा इतिहास मुंबईत किंवा पुण्यात बसून सांगितला, तर तो प्रगतीचा पोवाडा होतो. म्हणून आम्ही तो तलासरीहून पाहणार आहो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, महाराष्ट्राच्या वेशीवर असलेला हा तालुका. बहुतांश वस्ती वारली व इतर आदिवासींची, आणि गावे म्हणजे एकमेकांपासून दूर विखुरलेले पाडे. अशा ठिकाणाहून पाहताना दोन मापे हाती असली की पुरते. पहिले माप पोच : सेवा माझ्या दारापर्यंत येते की नाही? दुसरे माप जाब : ती न आल्यास, किंवा वाईट आल्यास, मला कोणाला विचारता येते?

प्रारंभ टपालापासून करू. १८३७ सालच्या दरांप्रमाणे कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर वजनाचे पत्र धाडावयास एक रुपया पडे. जितके अंतर अधिक तितका दर अधिक. इंग्लंडात रोलंड हिल यांच्या योजनेने १८४० साली अंतराचा हा हिशेब मोडून काढला होता. हिंदुस्थानात तेच तत्त्व १ ऑक्टोबर १८५४ पासून लागू झाले. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकास. दूरचे पत्र नेण्यास खर्च अधिक येतो हे सरकारला कळत नव्हते असे नाही. परंतु जवळच्या पत्रांनी दूरच्या पत्रांचा भार थोडा थोडा उचलावा, हा त्यातील विचार होता. आजचे अर्थशास्त्रज्ञ यालाच सार्वत्रिक सेवेचे तत्त्व म्हणतात. परक्या सत्तेने ते आपल्या सोयीसाठी स्वीकारले हे खरे. तरी तत्त्व म्हणून ते थोर होते, आणि पुढच्या प्रत्येक नव्या यंत्राबरोबर ते विसरले जाऊन पुन्हा शिकावे लागले.

तारेच्या बाबतीत तसेच झाले. १८६४ साली मुंबई-बडोदे मार्गाची आगगाडी मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत आली. डहाणूच्या किनाऱ्याने रूळ गेले आणि रुळांच्या सोबतीने तारेचे खांब गेले. तार या मुलखातून गेली. या मुलखासाठी गेली नाही. ती बंदरासाठी होती, कापसाच्या व्यापाऱ्यासाठी होती, कलेक्टर कचेरीसाठी होती. पूर्वेकडील डोंगरात राहणाऱ्या वारल्याचा निरोप पायीच चालत राहिला. पोच आणि वाट यांत केवढे अंतर असते, याचा हा पहिला धडा.

त्या अंतराची किंमत कधीकधी माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करणार नाही असा निश्चय तेथे झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने चालविलेला हा लढा आपल्या इतिहासात सुपरिचित आहे. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूने पसरविण्यात आला. पाड्यापाड्यांतून लोक रातोरात धावले. जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. निरोप पोचला होता, फार वेगाने पोचला होता. पण ‘हे खरे काय?’ असे उलट विचारण्याचे साधन लोकांच्या हाती नव्हते. एका बाजूनेच बोलणारी वाट दुबळ्याला नेहमीच धोक्याची असते. तलवाड्याची आठवण आम्ही येथे काढली ती यासाठी.

आता टेलिफोनकडे वळू. तार आणि टेलिफोन या दोहोंवर राज्य होते ते १८८५ च्या भारतीय तार कायद्याचे. तो कायदा सरकारने सरकारच्या सोयीसाठी केलेला होता. १९५७ साली त्यात ‘७ ब’ हे कलम घालण्यात आले. टेलिफोनसंबंधी वाद झाल्यास तो लवादाकडे जावा, लवाद केंद्र सरकारने नेमावा, आणि त्याचा निर्णय अखेरचा असावा, असा त्याचा आशय. टेलिफोन खातेही सरकारचे आणि लवाद नेमणारेही सरकारच! त्या काळी टेलिफोन मिळविण्यासाठीच वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिळाल्यावर कोणी तक्रारीस जाण्याचे धाडस करीत नसे.

१९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली आणि सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने खेड्यांतील उष्णतेत व धुळीत चालतील अशी लहान एक्स्चेंजे देशातच तयार होऊ लागली. पाठोपाठ पिवळ्या पाटीची एसटीडी-पीसीओ केंद्रे रस्त्यारस्त्यांवर आली. या केंद्रांचे एक वैशिष्ट्य फारसे सांगितले जात नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मीटर फिरत असे. पैसे किती झाले ते दिसे, आणि फोन खाली ठेवताच छापील चिठ्ठी हाती येई. स्वतःच्या मालकीचा टेलिफोन नसलेला मजूरसुद्धा त्या चार-पाच मिनिटांपुरता पुरा ग्राहक असे. त्याच्या हाती पावती असे.

मोबाइल आला तो १९९५ साली. आरंभी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. सरकारने देशाचे परिमंडळांत विभाजन करून परवाने दिले. मुंबईचे परिमंडळ वेगळे, उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे, गुजरात तिसरे. १ मे १९६० रोजी नकाशावर आखलेली राज्यांची सीमा आता माणसाच्या खिशात शिरली. मनोऱ्याच्या लहरींना सीमा कळत नाही; हातातला फोन ज्या मनोऱ्याचा संकेत जोरकस असेल त्याला जाऊन चिकटतो. वेशीवरच्या गावात घराच्या ओसरीवर बसलेल्या माणसाचा फोन पलीकडच्या मनोऱ्यावर गेला, की हिशेबात तो परप्रांतीचा प्रवासी ठरे आणि रोमिंगचा आकार लागू होई. १८५४ साली मोडलेला अंतराचा हिशेब असा मागल्या दाराने परत आला. मार्च २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशात कोठेही मिनिटास एक रुपया असा दर आणला, आणि पुढे २०१७ पर्यंत रोमिंगचा आकार बहुतेक कंपन्यांनी सोडून दिला. अर्ध्या आण्याचा धडा पुन्हा शिकावयास आपल्याला दीडशे वर्षांवर काळ लागला!

येथवर पोचेची कथा झाली. जाबाची कथा वेगळ्या वाटेने आली, आणि तिचे एक मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा माल घ्यावा, वजनमाप स्वतः तपासावे, अशा साध्या कामातून ही चळवळ वाढली. देशभरच्या अशा प्रयत्नांचे फळ म्हणजे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा. वकील न लावता, थोड्या खर्चात, सामान्य माणसाला व्यापाऱ्यासच नव्हे तर सरकारी खात्यासही जाब विचारता येईल असे न्यायमंच त्याने दिले.

परंतु टेलिफोनच्या बाबतीत हे दार मध्येच बंद झाले. २००९ साली केरळातील एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, तार कायद्यात ‘७ ब’ कलमाचा खास उपाय असल्यामुळे टेलिफोनच्या बिलाचा वाद ग्राहक मंचाकडे नेता येणार नाही. ज्या वर्षांत मोबाइल घरोघर पोचत होता, नेमक्या त्याच वर्षांत त्याच्या ग्राहकाला मंचाच्या पायरीवरूनच वारंवार परत पाठविले गेले. ही कोंडी फुटली ती अहमदाबादच्या एका प्रकरणात. सरासरी ५५५ रुपये मासिक बिल येणाऱ्या ग्राहकास एका महिन्याचे २४,६०९ रुपयांचे बिल आले होते. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने स्पष्ट केले की, तार कायद्यातील लवाद असला तरी ग्राहक मंचाचा मार्ग बंद होत नाही. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक कायद्याखालील हक्क शाबूत ठेवला आहे. जाब विचारण्याचा साधा अधिकार १९५७ च्या एका कलमाच्या तावडीतून सुटण्यास असा २०२२ पर्यंतचा काळ लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

इंटरनेट सामान्यांसाठी खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि मुंबई हे त्याच्या पहिल्या शहरांपैकी एक. येथे ग्राहकाच्या हक्काला नवे वळण लागते, कारण मालच अदृश्य आहे. तांदूळ मोजता येतो, रॉकेल मापता येते. वेग कसा मापावा? २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगास ‘ब्रॉडबँड’ म्हणावे असे ठरविले. २०१३ साली ते माप ५१२ झाले आणि २०२३ साली २ मेगाबिट. म्हणजे पायली कशास म्हणावे हे ठरविण्याचाच हा प्रश्न होता. आपल्याकडे ‘मापात पाप’ ही म्हण उगीच झालेली नाही. ‘अमुक वेगापर्यंत’ अशी जाहिरात करावी, आणि त्या ‘पर्यंत’मध्ये सगळा दोष लपवावा, अठ्ठावीस दिवसांचा महिना करून वर्षातून तेरा वेळा पैसे घ्यावेत, साधा फोन वापरणाऱ्यास नको असलेल्या डेटाचेही पैसे भरावयास लावावेत, हे सारे नव्या काळातील मापाचेच प्रकार. नियामक प्राधिकरणाने २०२२ साली तीस दिवसांचा निदान एक पर्याय ठेवण्याचे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व संदेश यांपुरता पर्याय ठेवण्याचे बंधन घातले. उपाय आले, पण ते ओरड झाल्यावर आले.

ओरड परिणामकारक होऊ शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१५ चे. इंटरनेटवरील काही सेवांना वेगळा दर लावावा काय, या विषयावर प्राधिकरणाने २७ मार्चला ११८ पानांचे टिपण प्रसिद्ध करून मते मागविली. दहा लाखांहून अधिक पत्रे ईमेलने गेली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निरनिराळ्या मजकुराला निरनिराळा दर लावण्यास मनाई करणारे विनियम निघाले, आणि निवडक संकेतस्थळे फुकट दाखविण्याची फेसबुकची योजना येथे थांबली. लोकमताचा तो विजय होता, याबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु ती योजना ज्यांच्या नावाने पुढे केली गेली तो म्हणजे इंटरनेट न पोचलेला गरीब खेडूत. त्याच्या वतीने कंपनी बोलली, त्याच्या वतीने शहरातील तरुण बोलले. तो स्वतः बोलला नाही. बोलणार कसा? टिपण इंग्रजीत, आणि उत्तर इंटरनेटने द्यावयाचे!

येथे कोणी असे म्हणेल की, हे सारे रडगाणे कशास? बाजार खुला झाला, स्पर्धा आली, आणि सोळा रुपयांचे बोलणे जवळजवळ फुकट झाले. तलासरीच्या बाजारातही आज तरुणांच्या हाती मोबाइल दिसतो. हा आक्षेप खोटा नाही. सरकारी मक्तेदारीत जे चाळीस वर्षांत झाले नाही ते खुल्या बाजाराने पंधरा वर्षांत केले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्पर्धा जेथे गिऱ्हाईक दाट तेथे तीव्र, आणि जेथे विरळ तेथे मंद, हा तिचा स्वभावच आहे. ही उणीव भरण्यासाठी २००२ पासून कंपन्यांच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतला जाऊ लागला. पण जमलेल्या रकमेचा मोठा भाग वर्षानुवर्षे अखर्चित राहिला. २०११ साली मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट म्हटल्या गेलेल्या योजनेचे ध्येय ग्रामपंचायतीपर्यंत तंतू नेण्याचे. पण पंचायतीच्या कचेरीपासून शेवटचा पाडा किती कोस, हे तलासरीच्या माणसास विचारावे.

शिवाय काळाने एक नवीच गोष्ट घडविली आहे. पूर्वी टेलिफोन नसलेला माणूस टेलिफोनवाचून जगत असे. आज इंटरनेट न घेतलेल्यालाही इंटरनेटवाचून जगता येत नाही. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो आणि ते यंत्र जाळ्याशी जोडलेले हवे. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या रोजगार हमीच्या कामांवरील हजेरी मोबाइलवरूनच घेण्याचा नियम झाला. जाळे बंद, तर धान्य अडले. संकेत नाही, तर रोज बुडण्याची भीती. ग्राहक कायद्याच्या व्याख्येत ग्राहक म्हणजे मोबदला देऊन सेवा घेणारा, किंवा त्याच्या संमतीने तिचा लाभ घेणारा. मग त्या यंत्रातील सिमकार्डाचे पैसे न भरणारी, पण त्याच्या बिघाडाने उपाशी परतणारी वारली बाई कोणाची ग्राहक? कंपनी म्हणेल, आमची नव्हे. दुकानदार म्हणेल, यंत्र सरकारचे. केंद्र सरकारने यंत्र चालले नाही म्हणून कोणास धान्य नाकारू नये, अशा सूचना २०१७ साली दिल्या आहेत. परंतु सूचना दुकानापर्यंत पोचली की नाही, हे त्या बाईने कोणाला विचारावे?

या प्रश्नाला उत्तर नाही असे मात्र नाही. आणि ते शोधावयास दूर जावयास नको. शेजारच्या डहाणूतच त्याचा एक नमुना आहे. १९९५ च्या सुमारास मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी तेथे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र सुरू झाले. विजेचे ग्राहक मुंबईत, आणि धूर व राख डहाणूच्या चिकूच्या बागांवर. डहाणूचा माणूस त्या विजेचा ग्राहक नव्हता. तरीही १९९१ साली तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झालेला असल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली एक प्राधिकरण स्थापन झाले. माजी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ साली निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९९ साली धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला, आणि काही वर्षांच्या रेट्यानंतर ती बसली. म्हणजे ग्राहक नसलेल्या, पण झळ सोसणाऱ्या माणसालाही जाब विचारण्याची जागा कायद्याने देता येते. विजेच्या धुरासाठी जे झाले ते जाळ्याच्या अभावासाठी का होऊ नये?

त्यासाठी आमच्या मते तीन गोष्टी अवश्य आहेत. पहिली, माप लहान करणे. सेवेची प्रतवारी दीर्घकाळ परिमंडळाच्या सरासरीने होत असे. त्या सरासरीत गोव्याचा किनारा आणि तलासरीचा पाडा एकच. २०२४ च्या विनियमांनी सुधारणा केली : एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक बंद पडली तर भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यावी, आणि कोठे सेवा मिळते याचे नकाशे कंपन्यांनी प्रसिद्ध करावेत. परंतु २०१४ साली झालेला पालघर जिल्हा वसई-विरारपासून तलासरीपर्यंत पसरला आहे. चार पाडे महिनाभर मुके राहिले म्हणून जिल्हा बंद पडत नाही. मोजणी पाड्यापर्यंत आली पाहिजे.

दुसरी गोष्ट, भाषा आणि पावती. देशातील बहुसंख्य मोबाइलधारक आगाऊ पैसे भरणारे आहेत. त्यांना बिल मिळत नाही, आणि पीसीओतील ती छापील चिठ्ठीही गेली. भरलेल्या पैशांचा हिशेब आणि तक्रारीचे उत्तर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत मिळणे हा उपकार नसून व्यवहार आहे. तिसरी गोष्ट, जागा. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तेथे तक्रार दाखल करण्याची सोय दिली, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क ठेवले नाही, आणि २०२० पासून ती संगणकावरूनही करता येते. पण इंटरनेट नाही ही तक्रार इंटरनेटवरून करा, असे म्हणणे थट्टेचे होईल. डहाणू व तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेस विशेष मान दिला आहे. ग्रामसभेत एक साधी नोंदवही असावी. कोणत्या दिवशी यंत्र चालले नाही, कोण रिकाम्या हाताने परतले, हे तीत लिहिले जावे, आणि त्या नोंदीला अधिकाऱ्याने व कंपनीने ठरल्या मुदतीत उत्तर देणे बंधनकारक असावे.

आपण शहरवासी ग्राहक या इतिहासात कोठे उभे आहो? १८५४ साली मुंबईतल्या मुंबईत पत्र धाडणाऱ्याने अर्धा आणा भरला, तेव्हा त्यातील काही अंश दूरच्या पत्राच्या वाटखर्चीला गेला. आजही आपल्या बिलातून सार्वत्रिक सेवेच्या निधीस वाटा जातो. तेव्हा तो पैसा कोठे गेला, हे विचारण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, आणि तो आपण वापरला तर त्याचा लाभ आपल्याहून अधिक तलासरीला होईल. निदान एवढे प्रत्येकास आजपासून करता येईल की, सेवा बिघडल्यास नुसते चिडून न बसता रीतसर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक मागून घ्यावा. कंपनीकडे समाधान न झाल्यास तीस दिवसांत तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि ग्राहक आयोगाचा मार्ग तर आता खुला आहेच. तो क्रमांक म्हणजे आपल्या जाबाची पोच होय. ती पोच ज्यांना अजून कोणी देत नाही, त्यांच्या हाती ती पडेपर्यंत हे काम संपले असे आम्हांला म्हणता येणार नाही.